दहा बाय बाराच्या खोलीतला खालचा सूर

सरला, नगरहून स्पीकरवाल्या शेठचा फोन आला होता. "ताई, आठवडा होत आला. सेट पसंत आहे का परत आणताय?" त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मी म्हटलं, "शेठ, ऐकवणारीच गेली हो." तो म्हणाला, "सिस्टर गेल्या? अहो, त्या तर..." मग म्हणाला, "घाई नाही ताई. तुमचं सगळं होऊ द्या. ठेवायचा का आणायचा ते मग सांगा."

आता सांगायचं काय? भांडण अर्धवट टाकून गेलीस. तू म्हणत होतीस ठेवायचा, मी म्हणत होते परत करायचा. रात्री जेवतानासुद्धा तोच विषय. आणि सकाळी चहाचं आधण ठेवलेलं असताना तू छातीला हात लावून खाली बसलीस ती बसलीसच. जन्मभर लोकांच्या नाड्या धरल्यास, आणि स्वतःच्या वेळेला मला तुझा हात नीट धरायलासुद्धा सवड दिली नाहीस. चिडलेय मी तुझ्यावर. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल.

आणि हो, तुझ्या मराठीत लिहितेय. तू म्हणायचीस, "मंगल, बोल कशीही, पण लिहिशील तेव्हा नीट लिही." तुझी मराठी मिशनच्या शाळेतली, इस्त्री केलेली. माझी काष्टी गावची, शेताच्या बांधावरची. "लई झालं तुझं" म्हटलं की तू म्हणायचीस, "'फार' म्हण." मी म्हणायची, "फार लई झालं."

आपलं नातं काय होतं ते लोकांना अजून कळत नाही. परवा भेटायला आलेली एक बाई मला विचारते, "तुमी धाकल्या का थोरल्या?" मी म्हटलं, "ती माझी भाडेकरू." खोटं का होतं ते? सुप्याच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तुला राहायला जागा मिळेना, आणि नवरा गेल्यापासून मला घर खायला उठत होतं. एक ट्रंक आणि गाण्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन तू वर्षभरापुरती म्हणून आलीस. तेव्हा माझी पोर शाळेत होती. आता तिची पोर शाळेत जाते.

माझा स्वभाव तुला पहिल्या दिवशीच कळला. कंपनीत माझं काम पंख्याच्या मोटारी तपासायचं. पट्ट्यावरून मोटार आली की चालू करायची, कान द्यायचा, जराशी खडखड आली की लाल खडूनं फुली मारून बाजूला. रिजेक्ट! घरातही माझा तोच खाक्या. भाजीवाल्याची वांगी रिजेक्ट, पोरीला आलेली पहिली दोन स्थळं रिजेक्ट, तू केलेला पहिला सांजासुद्धा रिजेक्ट. तू तो सांजा माझ्यासमोर बसून एकटीनं शेवटच्या घासापर्यंत खाल्लास. ही बाई वाटते तेवढी गरीब नाही, हे मला तेव्हाच समजलं.

दर रविवारी सकाळची एसटी धरून तू नगरला चर्चला जायचीस, क्वायरमध्ये गायला. एका नाताळाला मला घेऊन गेलीस. मी पहिल्या बाकावर, पदर सावरून बसलेली. गाणी झाली, केक झाला, बाहेर आल्यावर तू डोळे मोठे करून विचारलंस, "कसं झालं?" मी म्हटलं, "झाक झालं. पण तू नुसते ओठ हलवत हुतीस का? तुझं तर काहीच ऐकू आलं न्हाई."

दुसरी कुणी असती तर रुसली असती. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, "अगं, मी खालचा सूर म्हणते." मग एसटीत सुप्यापर्यंत मला शिकवणी. गाण्याला चार सूर असतात. बायकांचा एक वरचा, एक खालचा, पुरुषांचे दोन. चाल असते ती वरच्या सुरात, लोकांना तीच ऐकू येते. बाकीचे तीन तिला धरून ठेवतात. "माझा सूर असला तर कळत नाही," तू म्हणालीस, "नसला की कळतं."

"भाजीतल्या मिठासारखं?"

"तसं धर."

मला ते पटेना. आमच्या काष्टीला भजनाला बसले की सगळे मिळून एकच सूर धरतात. कुणी वेगळा लावला की बुवा डोळे वटारतो, दुसऱ्यांदा लावला तर टाळ काढून घेतो हातातला. आणि तू चक्क दर रविवारी वेगळं गाऊन त्याचं कौतुक सांगत होतीस! मी म्हटलं, "आमच्याकडं असतीस तर मंडळातून हाकलली असती तुला." तू म्हणालीस, "एकदा ऐक तरी. मग हाकल."

ते एकदा ऐकवायचं तू मनावर घेतलंस. मोबाईल माझ्या कानाशी धरायचीस, कुठल्या कुठल्या देशांतली क्वायर लावायचीस. "हा बघ, हा... आत्ता!" मी म्हणायची, "कुठं?" मग पोरीनं पुण्याहून ब्लूटूथचा डबा पाठवला. त्यातही तेच. तू रिटायर झालीस त्या आठवड्यात मला समोर बसवून म्हणालीस, "मंगल, या डब्यातून चारही सूर एका गोळ्यात येतात. सुटे ऐकायचे तर दोन स्पीकर हवेत, खरे, चांगले. मला एकदा तुला ऐकवायचंय. बाकी माझी काही हौस राहिलेली नाही." असं तू कधी काही मागितलं नव्हतंस. म्हणून मी म्हटलं, "मग घे की! मला काय विचारतीस?"

त्यानंतर नगरच्या त्या दुकानाला आपण इतके खेटे घातले, की शेठच्या नोकरांना आपली चहाची आवड पाठ झाली. मला पाहताक्षणी आवडले ते कमरेएवढे उभे खोके. निदान दिसतात तरी! तू म्हणालीस, "हे आपल्या दहा बाय बारात ठेवले तर आपण दोघी गॅलरीत झोपायचं का?" शेठनं टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी दाखवली. तू लगेच, "नको, उजवं-डावं एकाच नळीत." मग निघाले पुस्तकाच्या फळीवर मावतील असे छोटे जोडीनं. त्यातही तुझी चिकित्सा. आवाज सुटायचं भोक पुढच्या अंगाला हवं, मागच्या नको, कारण आपल्या खोलीत स्पीकर भिंतीलगतच बसणार, आणि मागचं भोक असलं की भिंतीवर आपटून सगळा आवाज घुमतो. शेठनं धडामधुडूम काहीतरी लावलं तर तू हात वर केलास. "माणसं गातात असं काही लावा. ढोल कशावरही चांगला वाजतो." डोळे मिटून ऐकायचीस, दवाखान्यात छातीला नळी लावून ऐकायचीस तशी. आणि मी? मी खोक्यावर तळवा ठेवून कान लावायची आणि मनातल्या मनात लाल खडू शोधायची. शेठ आपल्या दोघींकडं आळीपाळीनं बघायचा. त्याच्या हयातीत असलं गिऱ्हाईक आलं नसेल.

शेवटी तो म्हणाला, "घरी न्या, आठवडाभर ऐका. नाही पटलं तर आणून द्या." आणि सेट घरी आला.

आता मांडणीबद्दल लिहिणं भाग आहे. स्वयंपाकघरात आपण दोघी एका वेळी मावत नाही, म्हणून माझी मांडणी पहिल्यापासून बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोर. आईनं दिलेली पातेली, काष्टीच्या बाजारात घेतलेले डबे, पोरीच्या लग्नात आलेली ताटं, सगळ्यांवर नावं कोरलेली. दर शनिवारी काढायची, घासून पुसून परत लावायची. तू एकदाच, फक्त एकदा सुचवलं होतंस, की ही आत हलवली तर खोली मोकळी होईल. मी तुझ्याशी नंतर कितीतरी दिवस फक्त कामापुरतं बोलले. पुन्हा तू तो विषय काढला नाहीस.

तर स्पीकर बसले त्या मांडणीच्या खालच्या टेबलावर, दोन टोकांना दोन. तू सुतळीनं अंतर मोजलंस आणि समोर जमिनीवर जखमेच्या चिकटपट्टीचा तुकडा लावलास. "खुर्ची इथंच. दोन्ही स्पीकर आणि तुझं डोकं, तिघांचं अंतर सारखं." मला बसवलंस. क्वायर लावलंस. छान सुरू झालं, आणि पुरुषांचा जाडा आवाज आला तशी खर्रर्र!

"थांबव," मी म्हटलं. "खडखड हाय. रिजेक्ट."

तुझा चेहरा असा उतरला. आवाज कमी केला की खडखड जायची, पण मग तुझा तो खालचा सूरही कुठं ऐकू येणार? वाढवला की पुन्हा खर्रर्र. तो सेट टेम्पोत घालून आपण परत नेला. दुकानात लावला तर गुळगुळीत! शेठ म्हणाला, "ताई, कुठाय खडखड?" मी म्हटलं, "दुकानात माल शहाण्यासारखाच वागतो." बिचाऱ्यानं दुसरा दिला, वेगळा, त्याहून चांगला. घरी आणला. लावला. पुरुषांचा आवाज आला. खर्रर्र.

आता तू शेठची बाजू घ्यायला लागलीस. "दोन्ही सेट कसे खराब असतील?" मी म्हटलं, "सबंध लॉट खराब निघतो, मी बघितलंय." "इतकी काही खडखड नाही गं." "माझा कान अजून फुटला न्हाई!" त्या शेवटच्या रात्री तू ताट घेऊन उठता उठता म्हणालीस, "मला दोन दिवस दे मंगल. बरंचसं झालंय, थोडं राहिलंय." मला वाटलं, मोबाईलमध्ये काही कमी-जास्त करत असशील. मी विचारलं नाही. झोप आली होती.

दफनाला तुझं सगळं क्वायर आलं होतं. त्यांनी चार सुरांत गाणं म्हटलं आणि तुझ्या जागेवर कुणी उभं राहिलं नाही, तेवढी फट ठेवली. नसला की कळतं म्हणाली होतीस ना? मी जीव कानात आणून ऐकत होते. मला नाही कळलं गं. पण तुझ्या शेजारी उभी राहायची ती सडपातळ बाई दुसऱ्या कडव्यात थांबली, आणि तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. तिला कळलं. मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते.

घरी आल्यावर आपल्या दारात गर्दी. आमच्या पद्धतीनं दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून खालच्या घुले वहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. तुमच्या चर्चच्या बायका प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी चहा करायचा म्हणून आल्या. दोन्हीकडच्या बायका एकमेकींना "बसा हो, आम्ही करतो" म्हणत त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात घुसल्या. तुला बघायला आवडलं असतं. चहाला पातेलं अपुरं पडलं तसा घुले वहिनींनी माझ्या मांडणीला हात घातला. एरवी मी घालू दिला नसता. मोठं पातेलं उचललं आणि त्याखालून काहीतरी पांढरं खाली पडलं. दुसरं उचललं, पुन्हा तेच. झाकण काढलं तर झाकणाच्या कडेला पण.

"मंगलताई," त्या म्हणाल्या, "ही काय पद्धत हो तुमची? भांड्यांना बँडेज?"

चौपदरी घडी घातलेलं गॉज. कडा आत दुमडलेल्या, तू दवाखान्यात करायचीस तशा. प्रत्येक पातेल्याखाली, प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली, उभ्या ताटांच्या मधे मधे. खालचा कप्पा पूर्ण, मधला पूर्ण. वरच्या कप्प्यात काही नाही. गुडघ्यामुळं तुला स्टुलावर चढायची मी बंदी घातली होती, आणि तू ती पाळलीस, एवढं एक तरी ऐकलंस माझं.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. लोकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. अगं पण मी काय करू? वीसेक वर्षं मोटारीतली खडखड ओळखणारी मी, दोन सेट रिजेक्ट करून बसले, आणि थरथरत होती माझ्या आईची पातेली! तुला ते कळलं होतं. कळलं तर सांगायचं ना सरळ, की मंगल, तुझी मांडणी वाजतेय? नाही सांगितलंस. सांगितलं असतं तर मांडणी हलवायची वेळ आली असती, आणि मांडणीवरून मी कशी वागते ते तुला माहीत. म्हणून मी भाजीला गेले की तू माझ्या एकेका भांड्याला मलमपट्टी करत बसलीस. हसता हसता मग मला जे रडू आलं, ते चहा होऊन, पिऊन, कपबशा धुऊन होईपर्यंत थांबलं नाही. त्या दिवसाचं माझं खरं रडणं ते.

माणसं पांगली. पोर दोन दिवस राहून गेली. जाताना म्हणाली, "आई, एकटीसाठी एवढा सेट कशाला? देऊन टाक परत. चल माझ्याकडं." मी म्हटलं, "आधी ऐकते, मग बघते." तिनं माझ्याकडं असं बघितलं की आता हिच्याशी वाद नको.

आज दुपारी दार लावून घेतलं. तुझ्या ट्रंकेतून गॉजचा उरलेला गुंडाळा काढला, स्टूल घेतलं आणि वरचा कप्पा मी केला. माझ्या घड्या तुझ्यासारख्या नाहीत, वेड्यावाकड्या आहेत. चालतंय. मग खुर्ची तुझ्या चिकटपट्टीवर ठेवली, बसले, आणि तुझं अर्धवट राहिलेलं ते क्वायर लावलं. आवाज कमी नाही ठेवला. चांगला मोठा ठेवला.

पुरुषांचा जाडा आवाज आला. मी जीव मुठीत धरून बसले. खडखड नाही. खोली भरली नुसती, सरला. आपली खोली एवढी मोठी आहे हे मला माहीत नव्हतं. डाव्या हाताला वरचा सूर, चाल. ती मला पाठच आहे. उजवीकडं, लांब, पुरुष. एक कडवं गेलं. दुसरं गेलं. मी म्हटलं, झालं, आपल्याला काही हे जमायचं नाही, आपण काष्टीच्या त्या काष्टीच्याच. आणि मी कान ताणायचं सोडून दिलं. डोळे मिटले, नुसती बसले.

तेव्हा आला. चालीच्या जरासा खाली, आतल्या अंगाला. फार हलत नाही तो. एकाच जागेवर चार-चार वेळा थांबतो, एक पायरी उतरतो, पुन्हा तिथंच येतो. आणि मला वाटलं, हे मी ऐकलंय. हे मी रोज ऐकलंय! मेथी निवडताना, केस विंचरताना, दळण चाळताना तू तोंडातल्या तोंडात जे काही म्हणायचीस ते हेच. धड चढ ना उतार, एकाच जागी घुटमळणारं. मी आतून ओरडायची, "सरला, अगं चाल तरी नीट म्हण, काय ते बेसूर लावलंयस!" आणि तू हसून पुढं म्हणत राहायचीस.

गाणं संपेपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही. मग पुन्हा लावलं. आता तर तो पहिल्यापासूनच ऐकू यायला लागला. तू इथं कुठंतरी खुर्चीमागं उभी राहून "हा बघ, आत्ता" म्हणशील असं वाटत राहिलं, आणि पहिल्यांदाच मी तुझ्या आधी म्हटलं, "आत्ता!" इतकं बरं वाटलं मला. तू गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेठला फोन केला. म्हटलं, सेट ठेवला. पोरीला सांगितलं, सुट्टीला तूच ये, मी काही येत नाही. आणि तुला सांगायला हे लिहायला बसले. तू घरात बेसूर गात नव्हतीस सरला. तू नीटच म्हणत होतीस. बाकीचे तीन सूर तेवढे आपल्या घरी नव्हते.